घरावर जप्तीची नोटीस आलीय? आधी पाकीट फोडा, मग वकील शोधा

दोन वर्षांपूर्वी कुपवाडला मामांकडं गेलो होतो, चहा व्हायचा होता म्हणून देवघरापाशी टेकलो तर गणपतीच्या फोटोमागं तीन पाकिटं खोचलेली दिसली, तिन्ही रजिस्टर पोस्टाची आणि तिन्ही न फोडलेली. मामींना विचारलं तर हळूच म्हणाल्या, "ह्यांना कुणीतरी सांगितलंय, पाकीट उघडलंच नाही तर नोटीस लागू होत नाही." मामांचं एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप, ऑर्डरी कमी झाल्या, हप्ते तुंबले, आणि माणूस लाजेपोटी कुणाला बोलला नाही, आम्हालासुद्धा नाही.

तर पहिली गोष्ट हीच, पाकीट न फोडल्यानं काहीही थांबत नाही. पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवलं तरी नोटीस पोचली असंच धरतात, आणि नाहीच पोचली तर बँकेचा माणूस येऊन दाराला चिकटवून फोटो काढून जातो. दिवस मात्र मोजायला सुरुवात झालेली असते. आम्ही पाकिटं फोडली तेव्हा पहिल्या नोटिशीच्या ६० दिवसांतले ५२ दिवस त्या फोटोमागं गेले होते.

हे सगळं लिहितोय कारण त्यानंतर वर्षभर मी, मामेभाऊ आणि मामी असे तिघं सांगलीतलं विजयनगर (तिथं जिल्हा न्यायालय आहे), पुणे, परत विजयनगर असं फिरलो आणि जे पहिल्या आठवड्यात कळायला पाहिजे होतं ते बरंच चुका करून कळलं. मी वकील नाही, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं. पण कुठल्या दारात जायचं आणि कुठल्या दारात जाऊन वेळ घालवायचा नाही एवढं नक्की सांगू शकतो.

कर्ज नक्की कुणाचं?

वकील शोधायच्या आधी हे बघा. आपल्या सांगली साताऱ्याकडं माणसाचं कर्ज एका जागी नसतंच, घर बँकेकडं गहाण, वर एक पतसंस्थेचं, त्यात मेव्हण्याला जामीन राहिलेला, सोनं तिसरीकडं. आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, मुदत वेगळी. बँकेच्या केसचा चांगला वकील पतसंस्थेच्या केसला उपयोगाचा असेलच असं नाही. मामांच्या त्या तीन पाकिटांत एक बँकेची मागणी नोटीस होती, एक शाखेचं नुसतं आठवणपत्र, आणि तिसरं सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या ऑफिसचं, ज्या पतसंस्थेत मामा जामीनदार होते तिथलं. म्हणजे एकाच फोटोमागं दोन वेगळे कायदे.

पाकिटातल्या कागदावर वरती कुठलं कलम लिहिलंय ते वाचा. "सरफेसी" किंवा "सिक्युरिटायझेशन कायदा २००२, कलम १३(२)" असं असेल तर ते बहुतेक बँकेचं किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे, दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकायची मुभा देणारा हा कायदा. "महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१" असेल तर बहुतेक पतसंस्था. "लवाद" हा शब्द दिसला तर बहुतेक मल्टीस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी सोसायटी किंवा फायनान्स कंपनी.

इथं एक गोंधळ सगळ्यांचा होतो. सहकारी बँक म्हणजे पतसंस्थेसारखीच, तिला सरफेसी लागत नाही असं अजून पारावर सांगणारे भेटतात. पूर्वी त्यावर वाद होता खरा, पण आपल्या शेजारच्याच मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी मे २०२० मध्ये निकाल दिला की सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात. तो विषय संपला.

आणि शाखेत जाऊन "फोरक्लोजर" असा शब्द वापरू नका हां, तिथं त्याचा अर्थ कर्ज मुदतीआधी फेडून बंद करणं असा आहे, मामेभावानं विचारलं तर क्लार्कनं त्याला तसलाच फॉर्म दिला आणि वर अभिनंदन केलं. सरळ विचारायचं, सरफेसीची कारवाई कुठपर्यंत आलीय आणि प्राधिकृत अधिकारी, म्हणजे बँकेतर्फे ती कारवाई करणारे, कोण आहेत.

बँकेचं असेल तर दिवस असे मोजायचे

हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं. त्याच्या आत असाल तर वकिलाची गरजच नाही, शाखेत लेखी अर्ज द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. बहुतेकजण ह्या टप्प्यावर शाखेकडं फिरकतच नाहीत, मॅनेजर दिसला तर रस्ता बदलतात. मामा तर बँकेचं कॅलेंडरसुद्धा भिंतीवरनं काढून ठेवायला लागले होते.

एनपीए झाल्यावर कलम १३(२) ची मागणी नोटीस येते, ६० दिवसांची. ह्या ६० दिवसांत तुम्हाला लेखी हरकत घेता येते आणि ती पोचल्यापासून १५ दिवसांत बँकेनं कारणासकट उत्तर द्यायचं असतं. हे लोक करतच नाहीत आणि पुढं सगळ्यात जास्त कामाला येतं ते हेच.

६० दिवसांनंतर कलम १३(४), म्हणजे ताबा. पहिला ताबा बहुतेक वेळा कागदावरचा असतो, त्याला सिम्बॉलिक म्हणतात, दारावर नोटीस चिकटवतात आणि ७ दिवसांच्या आत दोन पेपरात छापतात, त्यातला एक मराठी. ती पेपरातली चौकट बघून निम्मं गाव फोन करतं. पण घाबरू नका, अजून तुम्ही घरातच आहात. मात्र इथनं ४५ दिवसांत पुण्याच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करायचा असतो, तो हक्काचा अर्ज, कलम १७ चा.

प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा सीजेएम (मुख्य न्यायदंडाधिकारी) कोर्टात जाते, तिथनं ऑर्डर झाली की पोलीस बंदोबस्त घेऊन लोक दारात येतात. ह्या टप्प्यावर लोक कलेक्टर ऑफिसला निवेदन द्यायला जातात, आम्हीपण गेलो होतो, मामींनी तर पत्रिकेसारखं सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. उपयोग नाही. त्यांनी फक्त बँकेचं प्रतिज्ञापत्र आणि कागद बरोबर आहेत का बघायचं असतं, कर्ज खरं किती, व्याज जास्त लावलं का, ह्यात ते पडूच शकत नाहीत. आमदारांच्या पीएचं पत्रही त्या फाईलला नुसतं लागून राहतं.

मग लिलाव. विक्रीची नोटीस तुम्हाला ३० दिवस आधी द्यावी लागते, पहिला लिलाव फसला आणि परत लावला तर १५ दिवस. मंजूर व्हॅल्युअरकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते. आणि ही पुढची ओळ दोनदा वाचा: २०१६ च्या दुरुस्तीनंतर, सगळी थकबाकी खर्चासकट भरून घर सोडवून घ्यायचा तुमचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस पेपरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. पूर्वी लिलाव होईपर्यंत असायचा, त्यामुळं जुनी माणसं अजून "शेवटच्या दिवशी पैसे भरू" म्हणतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. कुणाकडनं पैसे येणारच असतील तर ते त्या नोटिशीच्या आधी यायला पाहिजेत.

कुठली कर्जं ह्या कायद्यात बसत नाहीत तेही बघून घ्या. थकबाकी १ लाखाच्या आत असेल, किंवा मुद्दल व्याज धरून २० टक्क्यांपेक्षा कमीच राहिलेलं असेल, किंवा तारण शेतजमीन असेल, तर सरफेसी चालत नाही. आपल्याकडं शेतातच घर बांधलेल्यांना हे महत्त्वाचं, उताऱ्यावर गट नंबर आहे की सिटी सर्व्हे नंबर ते बघा. पण नुसता सातबारा आहे म्हणून सुटला असं नाही, तिथं खरंच शेती होते का हे कोर्ट विचारतं, आणि त्या गटात तुमचा तीन मजली बंगला आणि खाली गाळे असतील तर अवघड आहे. साधी फायनान्स कंपनी असेल, म्हणजे बँकही नाही आणि हाउसिंग फायनान्सही नाही, तर २० लाखांच्या खालच्या कर्जाला तिला सरफेसी लावता येत नाही, मग ती लवादाकडं किंवा कोर्टात जाते.

फाईल करा, आजच

वकिलाकडं रिकाम्या हातानं जाऊ नका, तो अर्धा तास तुमची हकीकत ऐकेल आणि शेवटी म्हणेल कागद घेऊन या. सँक्शन लेटर, कर्जाचा करार, गहाणखत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, सगळ्या नोटिशा पाकिटासकट (पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा, ते फेकू नका), प्रॉपर्टी कार्ड किंवा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, घरपट्टी, भरलेल्या पावत्या. खातेउतारा बँकेकडं लेखी मागा. २०१९ च्या महापुरात ज्यांचे कागद भिजून लगदा झाले त्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयातनं दस्ताची नक्कल आणि इंडेक्स टू काढून घ्यावा, मिळतो.

दारावर नोटीस चिकटवली असेल तर ती फाडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. मामींनी आमची ओल्या फडक्यानं पुसून काढली होती, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. नंतर तारीख सिद्ध करायला बँकेच्याच फोटोवर अवलंबून राहायला लागलं.

कर्जदार वारलेला असेल तर आधी एक बघा, कर्जाबरोबर विमा उतरवला होता का. खातेउताऱ्यात सुरुवातीलाच एक मोठी रक्कम "इन्शुरन्स" म्हणून गेलेली दिसते. एक शेजारीण दोन वर्षं हप्ते भरत होत्या आणि नवऱ्याच्या कर्जाला विमा होता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हरकतीचं पत्र

वकील मिळेपर्यंत थांबू नका, साध्या मराठीत तुम्हीच लिहा. आमचे ८ दिवस राहिले होते म्हणून रात्री दुकानात बसून मीच टाईप केलं. नोटिशीचा नंबर आणि तारीख, मग मुद्दे. आमच्या नोटिशीतल्या रकमेत मामांनी भरलेले दोन हप्ते धरलेलेच नव्हते, पावत्या होत्या. दंडावर व्याज लावलेलं दिसत होतं, आणि रिझर्व्ह बँकेनं तर दंडाचं व्याज लावायचंच नाही, फक्त ठरलेला दंड आकारायचा, त्यावर परत व्याज नाही, असा नियम २०२४ पासून लागू केलाय. हे दोन मुद्दे, खाली "मी अमुक तारखेपासून महिन्याला एवढे भरू शकतो", आणि पावत्यांच्या झेरॉक्स. प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावानं पोस्टानं पाठवलं, ईमेलही केला, आणि एक प्रत शाखेत देऊन शिक्का घेतला. उत्तर आलं दोन ओळींचं, "आपली हरकत अमान्य करण्यात येत आहे", कारण काही नाही. तेव्हा राग आला, पुण्यात मात्र तोच कागद आमच्या सगळ्यात जास्त कामाला आला.

फुकट वकील मिळतो, आणि बायकांना उत्पन्न विचारत नाहीत

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयातच आहे, साताऱ्यातही जिल्हा न्यायालयात, आणि कराड, फलटण, वाई, विटा, जत अशा तालुक्यांच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. फोन करायचा असेल तर १५१०० हा देशभराचा नंबर. १९८७ च्या कायद्याखाली महिला, मुलं, अनुसूचित जाती जमाती, अपंग, कारखान्यातले कामगार, महापुरासारख्या आपत्तीत सापडलेले अशांना वकील मोफत मिळतो, आणि बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न आपल्या राज्यात ३ लाखांच्या आत असेल तर. महिलांना उत्पन्नाची अट नाही. आता गृहकर्जात बहुतेक घरात बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून असतंच, स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून घरही बऱ्याचदा तिच्या नावावर, मग अर्ज तिच्या नावानं करा. मामा पुरुष, वर्कशॉपचं रिटर्न भरलेलं, त्यांना नाही म्हणाले असते. मामींनी आधार कार्ड आणि नोटीस घेऊन अर्ज केला.

तिथं एक गोष्ट स्पष्ट लिहा, की केस पुण्याच्या डीआरटीत चालणार आहे. कायद्यात कोर्ट म्हणजे ट्रिब्युनलही धरलंय, त्यामुळं मदत मागता येते, पण पॅनलवरचे वकील रोज जिल्हा कोर्टात उभे राहणारे असतात. आम्हाला ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "डीआरटी माझं रोजचं काम नाही, पण कागद मी वाचून देते आणि तारखांचा तक्ता करून देते." तो एका पानाचा तक्ता पुढं पुण्याच्या वकिलांनी जसाच्या तसा वापरला. लॉ कॉलेजातही विधी सहाय्य केंद्र असतं, साताऱ्यात मुल्ला लॉ कॉलेज, सांगलीतही आहे, अर्ज लिहून घ्यायला किंवा नोटीस समजून घ्यायला तेवढं पुरतं.

आमची चूक

आता ही सांगतो, कारण निम्मे लोक हीच करतात. ताबा नोटीस दारावर लागली त्या संध्याकाळी एका पाहुण्यांनी त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडं नेलं, माणूस जमिनीच्या दाव्यांत नावाजलेला. ते म्हणाले काळजी करू नका, उद्याच दिवाणी कोर्टात दावा टाकून मनाई हुकूम घेतो. आम्हाला हायसं वाटलं, मामा त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवले. दावा दाखल झाला, तारीख पडली, परत तारीख पडली, आणि ३१व्या दिवशी बँकेच्या वकिलानं उठून एकच कलम दाखवलं. सरफेसीचं कलम ३४, ह्या विषयात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. संपलं. ४५ मधले १४ दिवस हातात, फी गेलेली, आणि ते साहेब म्हणतात आता हायकोर्टात जाऊ.

हायकोर्टाचं सांगतो, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली सातारा त्यातच येतात, त्यामुळं आता "चला कोल्हापूरला, रिट टाकू" म्हणणारे जास्त भेटतील. मुंबईपेक्षा जवळ आहे हे खरं. पण सरफेसीत हायकोर्ट बहुतेक वेळा आधी डीआरटीत जा असंच सांगतं, सुप्रीम कोर्टानंच २०१० पासून तसं बजावून ठेवलंय. ४५ दिवस चालू असताना तिकडं जाऊ नका.

पुण्याचा वकील कसा निवडायचा

डीआरटी आपल्याला पुण्याचं लागतं. तिथं जो अर्ज करायचा त्याला सगळे "एसए" म्हणतात. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, "तुम्ही कर्जदाराकडनं एसए किती चालवल्यात?" बँकेच्या पॅनलवर असलेले वकीलही तिथंच असतात, तुमच्या बँकेच्या पॅनलवर नाहीत ना हे विचारा, लाजू नका. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, दाखल करायची किती, स्थगितीच्या सुनावणीची किती, नंतर तारखेला किती, आणि लिहून घ्या. दाखल झाल्यावर डायरी नंबर मागा, तो डीआरटीच्या वेबसाईटवर टाकला की केसचं स्टेटस दिसतं. "फाईल केलीय हो, काळजी करू नका" ह्यावर विश्वास ठेवायचा नाही, वकील कितीही गोड बोलला तरी.

कोर्ट फी ठरलेली असते. कर्जदारासाठी १० लाखांच्या आत दर लाखाला ५०० रुपये, त्याच्यावर ५,००० आणि पुढच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५०. मामांना आलेली मागणी १८ लाख ४० हजारांची होती, म्हणजे ५,००० आणि वरच्या नऊचे २,२५०, एकूण ७,२५०. वकिलांनी हिशोबात २०,००० सांगितले तर पावती मागा.

एसए दाखल करायला आधी पैसे भरायची अट नाही, पूर्वी ७५ टक्के भरायची अट होती ती सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये काढून टाकली. पण स्थगिती फुकट मिळत नाही, डीआरटीचे साहेब विचारतातच की भरणार किती आणि कधी. म्हणून जाताना काहीतरी रक्कम तयार ठेवून जा. आम्ही ४३व्या दिवशी दाखल केलं, पहाटेची एसटी पकडून स्वारगेट, मामा खिडकीशी बसून सगळा रस्ता पावत्या मोजत होते. वकिलांनी ते दोन ओळींचं उत्तर आणि न धरलेले दोन हप्ते दाखवले, ऑर्डर झाली की दोन टप्प्यांत ३ लाख भरा, तोपर्यंत ताबा घेऊ नका. पहिला टप्पा मामींच्या पाटल्यांतनं निघाला.

डीआरटीत विरोधात गेलं तर अपील मुंबईच्या डीआरएटीत, म्हणजे वरच्या अपिली न्यायाधिकरणात, ३० दिवसांत, पण तिथं मागणीच्या ५० टक्के भरावे लागतात, फार तर २५ पर्यंत कमी होतात. ज्याच्याकडं तेवढे असते तो इथवर आलाच नसता, म्हणून सगळा जोर पुण्यातच लावा.

पतसंस्थेचं असेल तर पुण्याला जायचंच नाही

तिथं रस्ता असा. संस्था कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडं वसुली दाखला, म्हणजे वसुलीचा हुकूम, मागते, तुम्हाला सुनावणीची नोटीस येते. ह्या सुनावणीला जा. जावाच. कारण लोक जात नाहीत, एकतर्फी दाखला होतो, आणि त्याच्याविरुद्ध कलम १५४ खाली रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करायची तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. सुनावणीत मात्र काही भरायचं नसतं, उतारा मागा, व्याजाचा दर करारात किती आणि लावला किती ते दाखवा, जामीनदार असाल तर सही तुमचीच आहे का ते बघा. मामांच्या केसमध्ये मूळ कर्जदार पलूसला सुखानं राहत होता आणि नोटिशा जामीनदारांना, म्हणून निबंधकांसमोर त्याच्या मालमत्तेची यादीच लेखी दिली. जामीनदाराची जबाबदारी कायद्यानं कर्जदाराइतकीच असते, सुटका होत नाही, पण संस्थेला वसुलीसाठी दुसरं काहीतरी दिसलं की ती तिकडं वळते.

दाखला झाल्यावर विशेष वसुली व विक्री अधिकारी येतो, नियम १०७ खाली जप्ती, मग लिलाव. लिलावाची अपसेट किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, निबंधकांकडनं मंजूर व्हावी लागते, ती फारच कमी असेल तर तिथं हरकत घ्या. लिलाव होऊन गेला तरी ३० दिवसांत सगळी रक्कम आणि खरेदीदाराला ५ टक्के भरून तो रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, बँकेच्या कायद्यात अशी सोय नाही. ह्या कामाला सहकार खात्यात रोज जाणारा वकील लागतो, आणि असे सांगली साताऱ्यात भरपूर आहेत. मल्टीस्टेट असेल तर लवादासमोर हजर राहा, निवाड्याला ३ महिन्यांत जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायचं असतं.

खासगी सावकारानं घर लिहून घेतलं असेल तर तो वेगळाच विषय, २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करायची, विनापरवाना सावकारानं व्याजापोटी बळकावलेली मालमत्ता परत करायचा आदेश ते देऊ शकतात. खरेदीखत झालंय म्हणून गप्प बसू नका.

सेटलमेंट, लोकअदालत आणि फसवणारे

ओटीएस म्हणजे एकरकमी तडजोड. ती हक्कानं मागता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय, पण विनंती करता येते आणि बँका करतातही, मार्च महिना जवळ आला की जरा जास्तच. तोंडी काही ठरवू नका, मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया ओटीएसचा म्हणून भरू नका, नाहीतर तो नुसता हप्त्यात जमा होतो. लोकअदालतीची नोटीस आली तर ती जप्तीची नाही, तडजोडीचं बोलावणं आहे, जा. फक्त तिथं सही केली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते आणि अपील नाही, त्यामुळं जेवढं झेपेल तेवढ्यावरच सही.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दमदाटी केली तर आधी बँकेकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, १४४४८ वर माहिती मिळते. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडं. पण लोकपाल लिलाव थांबवत नाही, ते ४५ दिवस त्याच्या भरवशावर घालवू नका.

पेपरात ताबा नोटीस आली की आठवड्यात अनोळखी फोन सुरू होतात, "आम्ही लिलाव थांबवतो, फक्त मुखत्यारपत्र करून द्या". मामांना एकजण घरी येऊन भेटला, चांगला इस्त्रीचा शर्ट, पेढे घेऊन. त्याला साठेखत पाहिजे होतं, बाजारभावाच्या निम्म्यानं. असल्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठासुद्धा उठवू नका. घर विकूनच कर्ज फेडायचं असेल तर तुम्हीच गिऱ्हाईक शोधा, बँकेला पत्र देऊन तिघांत व्यवहार करा, लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतात. लिलावात जास्त पैसे आले तर वरचे तुम्हाला परत मिळायला पाहिजेत हे खरं, पण कमी पडले तर उरलेलं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं.

पैसे भरून झाल्यावर

मामांनी गावाकडची दहा गुंठे विकून ओटीएस केली. नो ड्यूज मिळालं आणि सगळ्यांना वाटलं झालं. पण मूळ कागद बँकेकडनं ३० दिवसांत परत मिळायला पाहिजेत, डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, बँकेमुळं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आम्ही ३०व्या दिवशी त्या नियमाची प्रिंट काढून शाखेत गेलो, आणि साहेबांनी समोरच फोन लावला, चौथ्या दिवशी कागद घरी. त्यानंतर प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी करायचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात, आणि डीआरटीतली एसए निकाली काढायचा अर्ज. सिबिलवर "सेटल्ड" असं राहतं, ते बघून घ्या.

कागद आले त्या दिवशी मामींनी ते गणपतीच्या फोटोमागं ठेवायला घेतले. मामा म्हणाले, "तिथं नको, कपाटात ठेव."